कढईचं वादळ

कोजागरीला आमच्या भुकूमच्या सोसायटीत माझं चांगलंच हसं झालं. काचेच्या बरणीत दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक, त्याला चिकटवलेला आरशाचा तुकडा आणि आरशावरून भिंतीवर पडणारा लेसरचा लाल ठिपका, असं माझं यंत्र. "सूर्यावर स्फोट झाला की तिथून वारं सुटतं, ध्रुवांवरच्या आकाशात विजेचे प्रवाह उसळतात आणि इथला ठिपकाही सरकतो," हे मी सांगतेय तोच ठिपका सरकला. टाळ्या! मग माझ्या नवऱ्यानं, शैलेशनं, बरणीशेजारी कुणीतरी नुकतीच आणून ठेवलेली मसाला दुधाची लोखंडी कढई उचलली आणि ठिपका मुकाट्यानं जागेवर गेला. तेव्हापासून जो तो विचारायचा, "काय नलिनीताई, आज कढईत काय?"

माझं डोकं फिरायचं. पण मी हटणार नव्हते. दिवाळीत तशीच एक बरणी लातूरला माझ्या वडिलांना, अण्णांनाही करून दिली.

दिवाळी सरली आणि सूर्यावर प्रचंड स्फोट झाल्याची बातमी आली. मी ऑफिसात रजा टाकली. तवा, विळी, कढई, सगळं लोखंड खालच्या जिन्यात. शैलेशला स्कूटर फाटकाबाहेर ढकलायला लावली. खिडकीखाली शेळ्या चारणाऱ्या बानूबाईंना कोयता लांब ठेवायला सांगितला.

"सूर्व्याचं वारं माज्या शेळ्यास्नी बादंल का वो?"

"नाही हो. ठिपका नाही हलला तर मला बाधेल."

दुपार होत आली. "कढई आणू का?" शैलेश हसला. मी ठिपक्यापाशी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली.

आणि ठिपका हलला! चांगला बोटभर सरकला आणि तिथंच थरथरत राहिला. शैलेश टेबलाखाली वाकला, मग खिडकीतून ओरडला, "बानूबाई, कोयता?"

"त्यो काय, बांदावर! आता हातबी काडून ठिवू व्हय?"

पण लोक मानतील? तेवढ्यात फोन वाजला. अण्णा होते.

"नलू, आमचा ठिपका आत्ताच हलला बघ. पण नाचू नकोस. तुझ्या आईनं विळी इकडची तिकडे केली असणार."

"अण्णा, आई कुठंय?"

"आई? स्वयंपाकघरात... अगं, ती तर देवळात गेलीय!"

"लातूरचाही हलला!" मी किंचाळलेच. शैलेशनं ते ऐकलं आणि धाडधाड जिना उतरला. खाली जाऊन त्यानं कढई उचलली आणि पळीनं बडवत दारोदार ओरडत सुटला, "या, या, सूर्याचं वारं आलंय, वर चला!"

आनंदानं मला रडू फुटत होतं आणि मी वरून ओरडत होते, "अरे शैलेश, कढई वर आणू नकोस, कढई!"