फक्त बघण्यापुरतं

रविवारी दुपारी जेवण आटोपून सोहम लॅपटॉप उघडून बसला, तो चहाची वेळ टळली तरी उठला नाही. "दोन मिनिटांचं काम आहे," असं आईला सांगून बसला होता. त्याची दोन मिनिटं केवढी असतात, हे चिखलोलीच्या त्या फ्लॅटमध्ये कुमुदिनीबाईंना चांगलंच ठाऊक होतं.

त्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. सेंटरवाले वेळा दर आठवड्याला फिरवायचे. म्हणून सोहमने एक प्रोग्राम लिहिला होता. नव्या वेळा टाकल्या, की शनिवार त्याच्या कॅलेंडरवर चढायचा आणि मंगळवार-गुरुवार पालेगावात राहणाऱ्या ताईच्या, अनुयाच्या. वार त्यानेच वाटले होते. फोन नको, आठवण नको, वाद तर नकोच. या हुशारीवर स्वारी भलतीच खूश होती.

आज मात्र प्रोग्राम अडून बसला. शनिवार बिनबोभाट चढला, मंगळवारशी आला की एकच पालुपद: परवानगी नाही. सोहमने पुन्हा लॉग इन केलं. जुनं टोकन पुसून नवं घेतलं. नेटवर ज्याने जे सांगितलं ते सगळं करून पाहिलं. वर्षभराच्या धावपळीने आधीच पिचलेला, त्यात हे. डोळे चुरचुरायला लागले.

शेवटी हात टेकून त्याने ताईच्या कॅलेंडरवर आपल्याला काय काय करता येतं, तेच तपासलं. कोड ठणठणीत होता. त्याला तिथे लिहिता येत नव्हतं, फक्त बघता येत होतं. ताईकडून चुकून काहीतरी दाबलं गेलं असणार. त्याने फोन लावला.

"ताई, तुझी सेटिंग चेंज झालीय बघ. मला परत एडिटचं दे ना."

"झाली नाही. मी केलीय."

"का गं?"

"गेल्या गुरुवारी आमच्याकडे ऑडिट होतं, सोहम. सकाळी मोबाइल बघते तर आईचं डायलिसिस. विचारलंस मला?"

"मला वाटलं, तुला जमेल."

"नाही जमत हे सांगू कुणाला? तुझ्या प्रोग्रामला? माझे दिवस बघ हवे तेवढे. भरायचे असतील तर आधी विचार."

आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. भांडली असती तर परवडलं असतं, असं सोहमला वाटलं. तो स्वतः जितका दमला होता तितकीच तीही दमली होती, आणि हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"या गुरुवारी जमेल का?" त्याने विचारलं. असं विचारायची ही पहिलीच वेळ.

"नाही रे. मंगळवारी नेते मी."

"बरं."

फोन ठेवला तशी आई दारात आली. "गुरुवारी अनुयाच येतेय ना?"

"नाही. मी येतोय."

त्याने स्वतःचा गुरुवार उघडला. सकाळी क्लायंटची मीटिंग होती. ती काढून त्याने तिथे 'आई' असं लिहिलं. कुणी अडवलं नाही. तिथे त्याला कधीच कुणी अडवलं नव्हतं.