सत्तेचाळीस सेकंद

खेळ दोनला होता. पावणेदोनला ओनुमा मला म्हणाला, "सेन्सेई, एक आनंदाची बातमी तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलीय."

राखून ठेवलेल्या बातम्या मला आवडत नाहीत. ओनुमा संग्रहालयात जुने मूकपट दुरुस्त करतो. पोरगा गुणी आहे, पण आनंद झाला की समोरच्याचं तोंड बघत नाही. "'नावाडी गेन्पा' या पटाची नवी प्रत ब्राझीलहून आलीय. तिकडे गेलेल्या आपल्या लोकांच्या एका गोठ्यात रीळ सापडलं. त्यात पुरातला हरवलेला तुकडा आहे. पुरे सत्तेचाळीस सेकंद."

तो तुकडा हरवला नव्हता. तो मी जाळला होता.

मी बेन्शी आहे. पडद्याशेजारी उभं राहून मूकपटाला बोलतं करायचं, हा आमचा धंदा. गेन्पाचा पट आमच्या घराण्याचा मानाचा. गेन्पा एका आंधळ्या मुलीला पुरातून पलीकडे नेतो, होडी भोवऱ्यात सापडते आणि तिथे चित्र तुटतं. पुढे दिसते ती काठाला लागलेली होडी आणि आत एकटी मुलगी. मधली फट माझे गुरू उत्सुमी शब्दांनी भरत: होडी हलकी व्हावी म्हणून गेन्पानं उडी घेतली, परक्या मुलीसाठी जीव दिला. अख्खं थिएटर रडायचं.

मरण्याच्या आदल्या महिन्यात गुरूंनी मला चहाचा एक डबा दिला. आत फिल्मचा तुकडा होता. तरुणपणी त्यांनी स्वतःच तो कात्रीनं कापला होता. मी उजेडात धरून पाहिला. गेन्पा उडी घेतो, पोहत काठ गाठतो आणि मागे न बघता पळून जातो. "चित्र खोटं बोलतं," गुरू म्हणाले. "मी खरं बोलतो. जाळ ते." मी बावीस वर्षांची होते. जाळलं. जुनी फिल्म ती, भक्कन पेटली.

आणि आज माझी शिष्या चिसातो पहिल्यांदा एकटी उभी राहून गुरूंचे तेच शब्द बोलणार होती. तालीम जुन्या प्रतीवर झालेली.

"कापून टाक," मी ओनुमाला म्हणाले.

"काय?"

"तो तुकडा. अजून पंधरा मिनिटं आहेत."

त्याला थट्टा वाटली. "सेन्सेई, फाइल आहे ती, कुलूप लावून येते. तिथे कात्री चालत नाही. शिवाय लाइव्ह चाललंय. गोठ्यावाले आजोबा तिकडे रात्रीचे दोन वाजता उठून बसलेत."

"चिसातोला सांगितलंस?"

"नाही. तिलाही गंमत."

"गाढव आहेस," मी म्हणाले आणि आत गेले.

चिसातो कानात बोंडं घालून फोनवर माझाच आवाज ऐकत होती. तिचं शिकणं असंच. मी बोलते, ती रेकॉर्ड करते, मग थांबवून थांबवून घोकते. मी गुरूंच्या पाठीमागे आठ वर्षं उभी राहिले. ही मला खिशात घालून फिरते. मी कितीदा चिडवलं होतं, "अगं, आमच्यात शब्द सुटला की गेला. चूकसुद्धा जाते, म्हणून तर आम्ही टिकलो." त्यावर ती म्हणाली होती, "पण सेन्सेई, तुम्ही दर वेळी श्वास वेगळ्या जागी घेता. नक्की कुठला शिकू?"

सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण तुकडा सापडला म्हटलं की हरवला कसा, हेही आलंच. मी तिच्या किमोनोचा गळा सारखा केला.

"पाणी कमी पी," म्हणाले आणि बाहेर आले. याची मला आजही लाज वाटते.

खेळ सुरू झाला. पोरगी छान बोलत होती. म्हातारा गेन्पा, आंधळी मुलगी, दोन्ही आवाज वेगळे, स्वच्छ. मी पडद्याच्या कडेच्या खुर्चीत बसून एकेक प्रसंग मोजत होते. बाजार झाला. देऊळ झालं. पाऊस आला, पाणी चढलं. शामिसेनवाल्यानं तारांवर घाई सुरू केली. होडी भोवऱ्यात शिरली.

चित्र तुटलं नाही.

"गेन्पानं आभाळाकडे पाहिलं," चिसातो म्हणाली, "हात जोडले आणि—"

पडद्यावरचा गेन्पा काठाकडे पाहत होता. त्याची बाही धरलेला मुलीचा हात त्यानं झटकला आणि उडी मारली.

"—मुलीसाठी आपला जीव..."

गेन्पा सपासप पोहत होता. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. मग आणखी दोघंतिघं. चिसातो थांबली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता. आणि मला कळलं की भर पुरात तिला होडीत सोडून उडी मारणारी मीच.

मी उठले. तिच्या शेजारी उभी राहिले, तिच्या पुढ्यातल्या मेजाची कड धरली. काय बोलले ते मला आठवत नाही. हसणं थांबलं, एवढं आठवतं. एकट्या मुलीला घेऊन होडी काठाला लागली तेव्हा चिसातोनं पुन्हा सूत्रं हाती घेतली आणि पट शेवटाला नेला.

तिसऱ्या दिवशी ती शिकायला आली. गुडघे मोडून समोर बसली, फोन मध्ये ठेवला. "परवाच्या खेळाचं रेकॉर्डिंग सगळीकडे फिरतंय, सेन्सेई. मला ते सत्तेचाळीस सेकंद शिकवा."

मी तोंड उघडलं. एक शब्द आठवेना.

"ऐका तर," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

माझाच आवाज, गेन्पाचा झालेला: "पोरी, उडी मी तुझ्यासाठी नाही मारली. लोकांनी माझ्या नावाचा दगड उभारला, फुलं वाहिली. मी झाडाआड उभा राहून बघितलं आणि गप्प बसलो. साक्ष एकच होती, तीही मीच जाळली."

चिसातोनं थांबवलं. मागे नेलं. शेवटचं वाक्य पुन्हा लावलं.

"श्वास कळला," ती म्हणाली. "पण एक कळलं नाही. नावाड्याकडे जाळायला काय होतं?"

बोलण्याच्या ओघात घसरलं, असं म्हणता आलं असतं. पन्नास वर्षं मी त्यावरच जगले. पण वाक्य तिथेच होतं, तिच्या बोटाखाली.

"आता रेकॉर्ड कर," मी म्हणाले.

तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं.

"चहाचा डबा होता," मी सुरुवात केली.