पाण्याची रेघ

स्पंज वाळून दगडासारखा कडक झाला होता आणि त्याचा एक कोपरा अजून काळा होता. घूमाने पिशवीच्या तळाशी हात घातला होता तो चहाच्या पुडीसाठी, आणि बोटांना लागला तो हा — दर वेळी असंच, चहा शोधावा आणि हाताला हा लागावा, गेली तेवीस वर्षं. फेकून का दिला नाही, हे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं. पण या पठारावर फेकणार कुठे... इथे टाकलेली वस्तू कुजत नाही, वाहून जात नाही, टाकली तिथेच आपली वाट बघत बसते. त्यापेक्षा पिशवीत बरी.

"मामा, चहा मिळणार आहे की आज उपास?" तकामात खडकाच्या कपारीतून म्हणाली.

"मिळेल. तू तुझं डोळे फोडणं चालू दे."

ती हसली. घूमाच्या बहिणीची, फातीची, ही एकुलती एक मुलगी. पठारावरच्या जुन्या चित्रांची नोंद ठेवायचं सरकारी काम तिला लागून दोन महिने झाले होते — कुठलं चित्र किती पुसट झालं, कशाने, कधी. वाटाड्या म्हणून तिने मामाचं नाव दिलं. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. निदान सांगण्याजोगं नव्हतं. जानेत गावाहून गाढवं घेऊन खिंड चढले, मग दोन दिवस त्याने तिला या दगडी खांबांच्या गल्ल्यांतून उगाच फिरवलं, आधी हे बघ, मग ते बघ. पण पोरगी नकाशा वाचते. आज सकाळी तिने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, आता पोहणारे.

पोहणारे हे नाव परदेशी लोकांनी दिलेलं. कपारीच्या भिंतीवर लाल मातीच्या रंगात अकरा माणसं आडवी काढली आहेत, हात पुढे पसरलेले, पाय मागे. पूर्वी इथे नद्या होत्या म्हणे. आमचे म्हातारे मात्र त्यांना पोहणारे कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणत, पडलेले. घूमाने पस्तीस वर्षं परदेशी लोकांना या पठारावरच्या प्रत्येक दगडाची एकेक गोष्ट सांगितली होती, बहुतेक मनाने रचलेल्या — हा खांब म्हणजे रुसलेली नवरी, ती कमान म्हणजे राक्षसाचं दार — आणि लोक माना डोलवत लिहून घेत. या अकरा जणांबद्दल मात्र तो म्हणायचा, पोहतायत. पडलेत म्हटलं तर लोकांचे चेहरे उतरतात.

त्याने तीन दगडांवर किटली ठेवली. समोर, वीसेक पावलांवर, तो छत्रीसारखा खडक होता, वाऱ्याने बुंधा कुरतडलेला, वर रुंद माथा. त्याच्या सावलीकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. सकाळपासून तो तिकडे पाठ करूनच बसत होता. गाढवं बांधायची तीही आडबाजूला. तरी पाठीला ती सावली कळत होती... तेवीस वर्षांपूर्वी कातड्याची फुगलेली पखाल तिथे टेकवून ठेवलेली, तोंड वर, दोरी दोनदा आवळलेली. ती गाठ त्याची. त्याच्यासारखी गाठ दुसरं कोणी मारत नसे.

त्याचं नाव आम्ही घेत नाही. मेलेल्याचं नाव घेतलं की तो हाक ऐकून परत फिरतो, असं आमच्यात मानतात; म्हणून तो, किंवा तकामातचा बाप. तेवीस वर्षांत घरात कोणी ते नाव उच्चारलं नाही, आणि घूमाला ही रीत किती सोयीची पडली हे फक्त घूमालाच ठाऊक.

तो घूमाचा आतेभाऊ. पुढे बहिणीचा नवरा झाला, पण आधी आतेभाऊ, आणि आमच्यात आते-मामेभावांनी एकमेकांची थट्टा केलीच पाहिजे. न केली तर म्हाताऱ्या विचारतात, भांडलात का रे दोघं? वहाणा लपवायच्या, चहात मीठ टाकायचं, भर लग्नात बापाचा उद्धार करायचा — आणि ज्याची थट्टा झाली त्याने रागवायचं नाही. त्याने एकदा घूमाचं खोगीर बाभळीच्या शेंड्याला टांगलं होतं. ते फेडायचं राहिलं होतं.

तो चुकलेले उंट शोधायला उत्तरेला गेला होता. परतीसाठी भरलेली पखाल त्या खडकाखाली ठेवून गेला. वाळवंटात ठेवलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही, शत्रूसुद्धा नाही. घूमा त्याच दिवशी पाच परदेशी माणसं घेऊन इथे आला. चित्रं धुळीने फिकी झाली होती, माणसं खट्टू झाली, एकाने गळ्यातला कॅमेरा खाली सोडला. चित्रं ओली केली की रंग वर येतात, हे घूमाला बापाने शिकवलं होतं. बाप याच स्पंजाने करायचा. बंदी तेव्हाही होती. पण आपलं पाणी तर मोजकं... आणि तिथे ती पखाल. आतेभावाची.

आणि रंग आले. खोटं कशाला सांगू, घूमा मनाशी म्हणे, मलाही आनंद झाला. अकरा माणसं भिंतीतून लालभडक वर आली, जणू आत्ताच कोणी काढली, आणि मी पिळून पिळून पाणी मारत राहिलो, सगळी पखाल संपेपर्यंत. मग कोळशाने एका दगडावर लिहिलं, आमच्या अक्षरांत: आतेभावा, तुझं पाणी पोहणाऱ्यांना पाजलं, तू वाळू चाट. तो दगड रिकाम्या पखालीवर ठेवला. तो पाच दिवसांनी येणार होता. मी या लोकांना खिंडीपाशी सोडून तिसऱ्या दिवशी पाणी घेऊन येणार होतो, दगडामागे लपून त्याचं तोंड बघणार होतो.

फाती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. कोणा धनगराने त्याला उत्तरेत बातमी दिली, मुलगी झाली. त्याने उंट तिथेच सोडले आणि सरळ वाटेने निघाला, त्या पखालीच्या भरवशावर.

"मामा, इकडे ये ना जरा. ही पट्टी धर."

घूमा उठला. मुंडाशाचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला. बरं झालं, आपल्यात पुरुषांनी तोंड झाकायचं असतं. तकामातने चित्रांखाली बोट नेलं: भिंतीवर एक पांढरी खारट रेघ होती, वेडीवाकडी, आणि तिच्या वरची चित्रं जवळजवळ गेलेली. अकरातले चार उरले होते.

"ही रेघ बघितलीस? पाणी मारलंय. एकदोन ओंजळी नव्हे, चांगली पखालभर. पाणी खाली ओघळलं, क्षार वर आले, रंग घेऊन गेले."

"पाऊस असेल."

"कपारीच्या आत पाऊस? वाटाड्या आहेस की जावई? एवढंही कळत नाही?"

तिने फाईलमधून एक छापील फोटो काढला. कुणा परदेशी म्हाताऱ्याने जुने फोटो खात्याला पाठवले होते. भिंत ओली, रंग ताजे, अकराच्या अकरा माणसं. आणि कडेला एक हात, मनगटापर्यंतचा, त्यात स्पंज. घूमाने आपला हात झग्याच्या बाहीत ओढून घेतला. तेवीस वर्षांपूर्वीचा हात कोण ओळखणार. पण त्याने ओळखला.

"कोपऱ्यातली तारीख वाच."

"चष्मा नाही."

"माझ्या जन्माची तारीख आहे." तिने फोटो परत घेतला, त्याच्याकडे न बघता. "मी तिकडे जन्माला आले आणि इकडे कोणीतरी यांना आंघोळ घालत होतं. काय पायगुण माझा. बाप तर गेलाच, ही चित्रंसुद्धा वाचली नाहीत."

ती थट्टेने म्हणाली होती. या थट्टेत ती तरबेज होती. लहानपणापासून दुसऱ्यांनी म्हणायच्या आत स्वतः म्हणून टाकायची. पांढऱ्या पायाची. आली आणि बापाला खाल्लं. विहिरीवरच्या बायका तिला ऐकू जाईल इतपत हळू बोलत. गेल्या साली ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मुलाच्या आईने कारणसुद्धा दिलं नाही, द्यायची गरजच नव्हती. त्या दिवशी फाती रडली. घूमा तिथेच बसला होता. तो म्हणाला, नशीब... आणि चहा ओतला.

तिसऱ्या दिवशी मला अर्धा दिवस उशीर झाला. त्या लोकांना खिंडीवरून आणखी एक सूर्यास्त बघायचा होता. आलो तेव्हा वाळूत पावलं होती. खडकापर्यंत आलेली, तिथे घोटाळलेली, आणि दक्षिणेला गेलेली, एक पाय ओढत. पखाल उलटी करून पिळलेली होती. दगड तसाच, माझं अक्षर वर. माझ्या खांद्यावर दोन भरलेल्या पखाली होत्या आणि मी त्यातलं पाणी स्पंजावर घेतलं आणि आधी तो दगड पुसला. कोळसा सहज जात नाही. घासून घासून पुसला. मग त्याला शोधायला निघालो. तो सापडला तेव्हा अंग अजून गरम होतं — पण तिथे सगळंच गरम असतं, वाळूसुद्धा, दगडसुद्धा, मी हे स्वतःला किती वेळा सांगितलं आहे. पालथा होता. हात पुढे, पाय मागे.

"मामा, पट्टी खाली घसरली तुझी."

"वय झालं."

"धर नीट. लिहिते मी." ती मांडीवर कागद घेऊन मोठ्याने वाचू लागली, शाळेत वाचतात तशी. "नुकसानीचं कारण, पाणी. काळ, तारीख फोटोवरून नक्की. कोणी केलं..." ती थांबली. "अज्ञातच लिहू ना? हाताला काही नाव नसतं."

मागे किटलीचं झाकण वाजायला लागलं होतं. उठून काढायला हवी होती. अज्ञात — तीनच अक्षरं, लिहायला क्षणभर; लिहून झालं की गाढवं सोडायची, संध्याकाळपर्यंत पुढची कपार गाठायची, आणि ही पोरगी पुढची पन्नास वर्षं आपल्या पायांकडे बघत चालेल. हो म्हण, एवढंच. त्याने हो म्हणण्यासाठी तोंड उघडलं. मग त्याने मुंडाशाचा पदर हनुवटीखाली ओढला. भाचीसमोर त्याचं तोंड कधी उघडं पडलं नव्हतं, वारा ओठांना लागला तेव्हा त्याला लाज वाटली.

"अमायास," तो म्हणाला.

तिची मान वर आली. बापाचं हे नाव तिने फक्त कागदपत्रांवर वाचलं होतं. माणसाच्या तोंडून ते कसं ऐकू येतं, हे तिला आत्ता कळत होतं. घूमा वाट बघत राहिला — खडकाच्या सावलीतून कोणी उठेल, मागून कोणी हाक देईल, तेवीस वर्षं ज्याची भीती बाळगली ते काहीतरी होईल. काही झालं नाही. कोणी परत फिरलं नाही. समोर फक्त ती होती, त्याच्या उघड्या तोंडाकडे बघणारी, पेनाचं टोक कागदावर टेकलेलं. आणि घूमाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की तिने ते उचलू नये, आता तो सांगेल ते सगळं लिहून घ्यावं.