कॉबर्नची अर्धी करमाफी

शुक्रवारी सकाळी नऊला दुकान उघडलं आणि सव्वादहापर्यंत अकरा पोरांचे पाय मोजून झाले. बुटांचा जोड एकही विकला गेला नाही.

पाय लोरीन मोजते. गेली बावीस वर्षं तीच मोजते. खाली छोट्या स्टुलावर बसायचं, पोराची टाच पट्टीला नीट टेकवायची, अंगठा दाबून बघायचा, "काय रे, रात्रीत पाय ओढून लांब करतोस का?" असं विचारून त्याला हसवायचं. कॉबर्नमध्ये असं पोर नाही ज्याचा पाय तिच्या मांडीवर आला नाही. आणि आता ती काय करत होती? चिठ्ठीवर माप लिहून आईच्या हातात देत होती. आई म्हणायची, "देव तुमचं भलं करो, मिस लोरीन," आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकून अठरा मैलांवरच्या डेलरीला निघायची. तिथल्या हायवेवरच्या मोठ्या दुकानात बूट घ्यायला.

कारण डेलरीत पूर्ण करमाफी होती आणि आमच्याकडे अर्धी.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत अलाबामा सरकार शाळेच्या कपड्यांवर आणि बुटांवर विक्रीकर घेत नाही. पण गावाचा स्वतःचा कर असतो, तो गावानेच माफ करायचा. कौन्सिलने ठराव करायचा आणि महिनाभर आधी सरकारला कळवायचं. कॉबर्नच्या कौन्सिलने ठराव केला, टाळ्या वाजवून केला. पत्र पोचवायची जबाबदारी घेतली गार्लंडने. गार्लंड म्हणजे माझ्या गेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, गावचा कौन्सिलर. त्याने पत्र ट्रकच्या कप्प्यात ठेवलं, चार जुलैच्या मिरवणुकीत ट्रक सजवला, डुकराच्या बरगड्या भाजल्या, लोकांना वाढल्या. पत्र सापडलं तेरा तारखेला. तोवर मुदत टळली होती.

बरं, हाच गार्लंड एप्रिलमध्ये माझ्या काउंटरवर कोपर टेकून सांगत होता, "नेल्डा, मोज्यांची गिरणी बंद पडली म्हणून काय झालं? करमाफीला लोक तुटून पडतील. माल भर तू." मी भरला. शाळेच्या बुटांचे दोनशे चाळीस जोड. तेवढे ऑगस्टअखेर गेले नाहीत तर सप्टेंबरपासून लोरीनला पाच दिवस काम देणं मला झेपणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. मी तिच्यापासून काही लपवत नाही. तिच्यापासून लपत नाही म्हणा.

अकराच्या सुमारास शॉना आली, तीन पोरं घेऊन. गिरणीत सुपरवायझर होती, फेब्रुवारीपासून घरी. लोरीनने तिघांचे पाय मोजले. माझ्याच्याने राहवलं नाही.

"शॉना, आमच्याकडे पण सरकारचा कर नाहीये. फक्त गावाचे चार टक्के लागतायत."

"हो ना, मिस नेल्डा. पण तिकडे तेही नाहीत."

"अगं, तीस डॉलरच्या बुटावर चार टक्के म्हणजे सव्वा डॉलर. डेलरीला जाऊन यायला पेट्रोल किती लागेल?"

"ते खरंय." ती शरमून हसली. "पण पोरांना कबूल केलंय. सगळेच चाललेत."

"जुलैमध्ये मी सगळ्या मालावर वीस टक्के सूट लावली होती. वीस! काचेवर हा एवढा कागद होता. तेव्हा का नाही आलीस?"

"तेव्हा वाटलं, करमाफी येतेच आहे, थांबूया."

मी कपाळाला हात लावला. हेच, हेच मी तीन वर्षं ओरडून सांगतेय. शाळेत मी दहावीच्या पुढे गेले नाही, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांच्या खिशात तीन दिवसांत पैसा कुठून उगवणार? जे बूट जुलैत घेतले असते ते ऑगस्टमध्ये घेतात. आमचा जुलै ओस पडतो आणि ऑगस्टचे उरलेले दिवस माशा मारायच्या. आणि नियम तरी काय! बेल्टवर कर माफ, पण बकल सुटं घेतलं तर भरा. बेसबॉलची टोपी माफ, हातमोजा नाही. खिळ्यांचे खेळाचे बूट नाहीत. मागच्या वर्षी एका बाईने लहान मुलाच्या त्या बुटांवरून मला चोर म्हटलं होतं.

शॉना गेली. मी लोरीनकडे वळले.

"लोरीन, आता बास. बूट घेणार असतील तरच पाय मोज."

"बरं," ती म्हणाली आणि दारातून आलेल्या पुढच्या पोराला स्टुलाकडे बोलावलं. "ये रे राजा, मोजे काढ. हे काय, एक निळा, एक काळा?"

"लोरीन!"

"ऐकलं मी. पण चुकीच्या मापाचे बूट घेऊन हा वर्षभर लंगडेल त्याचं काय? तिथे डेलरीत कोण मोजतंय? रॅकवरून उचला आणि चला."

"अगं बाई, तू माझं दुकान बंद पाडायला निघालीस. आणि त्याच्याबरोबर स्वतःची नोकरीपण."

"मग बोर्ड लाव काहीतरी," ती म्हणाली. "माझे हात मोकळे नाहीत."

मी बोर्ड लावला. मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथेही कर नाही, गावाचा कर आम्ही भरतो. अर्ध्या तासात गार्लंड धापा टाकत हजर.

"काढ ते! कर दुकानदार भरतो अशी जाहिरात करणं बेकायदा आहे!"

"काय सांगतोस?"

"कायदाच आहे तसा. किंमत कमी कर हवी तेवढी, पण कर आम्ही भरतो म्हणायचं नाही."

"म्हणजे तुझं पत्र उशिरा गेलं ते कायद्यात बसतं आणि माझा बोर्ड बसत नाही?"

"नेल्डा, पत्राचं मी किती वेळा सॉरी म्हणू?"

"मी मोजत नाहीये. तू म्हणत राहा."

तो हळूच म्हणाला, "बरं, एक काम होतं. सुनेने पाठवलंय. नातवाचा पाय मोजून हवा होता. पोरगं गाडीत आहे."

मी तोंड उघडायच्या आत लोरीन म्हणाली, "आण ना त्याला, उन्हात कशाला ठेवलास?"

बोर्ड काढला. चार टक्के किंमत उतरवली आणि तसं लिहिलं. लोक यायचे, वाचायचे, जायचे. दुकानदार कमी करतो त्यात काहीतरी गोम असणार असं लोकांना वाटतं. सरकार सोडतं ते मात्र खरं. त्याच्यासाठी अठरा मैल जायचं, रांगेत दीड तास उभं राहायचं, आणि वर जिंकल्याच्या थाटात परत यायचं.

रविवारी संध्याकाळपर्यंत एकेचाळीस जोड गेले. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी एकोणीस. ते बहुतेक डेलरीतून आणलेले बूट पायाला चावत होते म्हणून आलेल्यांनी घेतले. चिठ्ठी हरवली होती म्हणे.

चोवीस तारखेला, दुकान बंद करताना, मी लोरीनला सांगितलं. सप्टेंबरपासून गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीनच दिवस.

"अंदाज होताच," ती म्हणाली. कुलूप तिनेच लावलं, ओढून बघितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बुधवारी प्रार्थनेला आता वेळेवर पोचेन." मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी सहाला, कौन्सिलची बैठक. पहिलाच विषय: पुढच्या वर्षीच्या करमाफीचा ठराव आत्ताच करून पत्र आत्ताच पाठवायचं. गार्लंड या वेळी पाकीट हातात धरूनच बसला होता. मी बोलायला नाव दिलं होतं. तीन मिनिटं मिळतात. जुलैचं सांगितलं, वीस टक्क्यांचं सांगितलं, डेलरीचं सांगितलं. म्हटलं, गावाला पैसे सोडायचेच असतील तर गिरणीतून घरी बसलेल्यांचं पाणीबिल तरी माफ करा, ज्याला लागतंय त्याला मिळेल. शेवटी म्हटलं, यात माझ्या दुकानातल्या एका बाईचे आठवड्याचे दोन दिवस गेले. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी मान वळवून लोरीनकडे पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत मुलाशेजारी बसली होती. डॅरिलही गिरणीतलाच.

महापौर म्हणाले, मतदान कौन्सिल करेल, पण लोकांचा कल बघू. कोण बाजूने, हात वर करा.

खोलीभर हात वर गेले. शॉनाचा. गार्लंडच्या सुनेचा. आणि लोरीनचा.

बाहेर पार्किंगमध्ये मी तिला गाठलं. डॅरिल पुढे जाऊन ट्रकपाशी थांबला.

"लोरीन, तुझे दोन दिवस गेले त्याच्यात!"

"माहितीय."

"मग मी बोलले ते चूक होतं का?"

"एक शब्द चूक नव्हता. पाण्याच्या बिलाचं तर फारच छान बोललीस."

"तरी तू हात वर केलास?"

"पुरता नाही केला. कोपर खालीच होतं."

मला हसायचं नव्हतं, म्हणून मी पर्समध्ये किल्ल्या शोधू लागले. ती जवळ आली.

"नेल्डा, डॅरिलला फेब्रुवारीपासून ज्याचा म्हणून फोन येतो त्याला काहीतरी हवं असतं. बँकेला, विजेवाल्यांना, त्याच्या बायकोच्या वकिलाला. त्या शनिवारी तो पोरांना घेऊन डेलरीला गेला. येऊन मला पावती दाखवली. म्हणाला, बघ मम्मा, कराच्या जागी शून्य. फ्रीजवर लावलीय ती."

"तो डेलरीला गेला? अगं, तुझा मुलगा? आपल्या दुकानात तुला निम्म्या किमतीत मिळतात बूट!"

"सांगितलं मी त्याला."

"मग?"

"म्हणाला, ते तुझ्यामुळे मिळतात."

मी तीन मिनिटांच्या भाषणासाठी चार रात्री घालवल्या होत्या आणि त्यात हे एक वाक्य कुठेच धरलं नव्हतं. रागही जाईना. बरोबर मीच होते, अजूनही आहे. पुढच्या जुलैत माझं दुकान पुन्हा ओस पडणार आणि तेव्हाही हीच बाई कोपर खाली ठेवून हात वर करणार.

"माप तरी बरोबर आणलं का त्याने?" मी विचारलं.

"धाकटीचे अर्धा नंबर लहान."

"घेऊन ये तिला उद्या. दोनशे चाळीसपैकी एकशे ऐंशी जोड पडून आहेत, एक जाईल."

"उद्या बुधवार आहे."

"सप्टेंबर लागायला अजून आठवडा आहे, लोरीन. नऊला ये."

"पावणेनऊला येते," ती म्हणाली. "मागचे खोके वर चढवायला लागतील, हॅलोविनचा माल यायचाय." मग डॅरिलने हॉर्न वाजवला, आणि ती हात हलवत गेली.