नाव लागायच्या आधी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या कळांवरची अर्धी अक्षरे पुसली गेली आहेत, बिजागरी सैल झाली आहे आणि चार्जर काढला की मी लगेच मान टाकतो. पण खरे सांगू? म्हातारपणाचा मला एवढा जाच वाटत नाही. माझा जीव मेटाकुटीला आला होता तो मी कोरा करकरीत होतो तेव्हा.

स्वभावच माझा उतावळा. कळ दाबली की कामाला लागायचे, एवढेच शिकवून कारखान्याने मला बाहेर पाठवले. २००७ साली मी नाशिकच्या एका दुकानात येऊन पडलो. माझा जुळा भाऊ मांडणीवर उघडा बसायचा आणि आल्यागेल्याकडून कौतुक करून घ्यायचा. मी खाली, बंद खोक्यात. असा चडफडायचो म्हणून सांगू!

एके दिवशी सृष्टी आली. नुकतीच बारावी झालेली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची वाट पाहणारी मुलगी. सोबत तिचे वडील भिमाजी. मखमलाबादकडे त्यांचा गुलाबाचा मळा. तिने माझ्या भावावर आपले नाव टाइप केले, त्यापुढे ‘इंजिनिअर’ असे लिहिले आणि कोणी पाहायच्या आत खोडून टाकले. हे मला भावानेच सांगितले. पोटात काही ठेवायची त्याला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी भिमाजी एकटेच आले आणि खोक्यासकट मला घेऊन निघाले. आता कुठे आपले दिवस आले, म्हणून मी आनंदात होतो. जाताना ते दुकानदाराला म्हणाले, “घरी फोन नका करू हां. आमच्या मालकीणबाईंचं म्हणणं, आधी पोरीचं नाव यादीत लागू द्या, मग वस्तू. पण तोवर हे मॉडेल संपलं म्हंजे?”

आणि मला नेले कुठे? घरी नाही, मळ्यातल्या खोलीत! फवारणीच्या पंपामागे, रिकाम्या क्रेटच्या खाली, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून. औषधाचा उग्र वास, जमिनीची ओल आणि उंदरांची धावपळ. भिमाजी अधूनमधून यायचे, कागदावरून हात फिरवायचे आणि पुटपुटायचे, “थांब थोडं.” थांबणे हा काय माझा धंदा होता? ज्या कामासाठी जन्मलो ते सोडून मी तिथे नुसता दिवस ढकलत होतो. घरी सृष्टीचेही चित्त थाऱ्यावर नव्हते म्हणे. जेवताना उठायची, जवळच्या सायबर कॅफेत जाऊन यायची, पुन्हा जायची.

शेवटी पहिली यादी लागली. तिच्यात सृष्टीचे नाव नव्हते.

नेमक्या त्याच दिवशी तिची आई कलाबाई क्रेट काढायला खोलीत आल्या आणि मी त्यांच्या हाती लागलो. त्यांनी मला उचलून अंगणात आणले. रागाने नाही, मित्रांनो. त्या भ्यायल्या होत्या, हे मला खोक्यातूनही कळले.

“तुम्हाला नाय म्हनलं होतं ना मी?” त्या भिमाजींना म्हणाल्या. “आधी आनू नका म्हनलं होतं.”

“अगं, यादीचा अन् ह्याचा काय संबंध?”

“पाळना बी असाच आनला होता. सातव्या महिन्यातच. काय झालं मग? राहिला ना रिकामा?”

सृष्टी दारातच उभी होती. आपल्याआधी या घरात एक बाळ येणार होते, हे सृष्टीला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मला तर वाटले, आपण कारखान्यात परत जाऊन मोडून पडलो तर बरे.

“उद्या परत देऊन येतो,” भिमाजी हळूच म्हणाले. “सील हे अजून. घेईल तो.”

सृष्टी आईजवळ जाऊन बसली. “आई, नाव लागलं नाही ते मार्क कमी पडले म्हणून. या खोक्यानं कमी केले का ते?”

“मला का कळत नाय ते?” कलाबाई म्हणाल्या. “पन भीती काय विचारून येती का गं?”

दुसरी यादी अजून लागायची होती, म्हणून मला परत दिले नाही आणि उघडलेही नाही. सृष्टीच्या कॉटखाली सरकवून ठेवले. तिला झोप लागत नव्हती आणि मला तर झोप ठाऊकच नव्हती. दुसऱ्या यादीवर तिचे कॉलेज अडले होते आणि माझा सारा जन्म. नाव लागले तर मी तिचा, नाही तर पुन्हा दुकानाचा.

यादीच्या आदल्या दिवशी दुपारी कलाबाई मळ्यातून आल्या त्या थेट कॉटपाशी. मला बाहेर ओढले आणि कमरेची गुलाब छाटायची कात्री काढली.

“अगं, अगं!” भिमाजी धावत आले. “एकदा फोडलं ना, की दुकानदार परत घेनार नाय!”

“माहितीय मला,” कलाबाई म्हणाल्या. “म्हनून तर फोडते.”

त्यांनी चिकटपट्टी कापली. माझे झाकण उघडले. पहिल्यांदा मला माणसाचा चेहरा दिसला; तो घामेजलेला होता आणि रडत होता.

दुसऱ्या यादीतही सृष्टीचे नाव लागले नाही. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आता सगळे खापर आपल्यावर फुटणार, म्हणून मी अंग चोरून होतो. कलाबाईंनी पदराने माझा पडदा पुसला आणि मला लेकीच्या मांडीवर ठेवले. “चालू कर ह्याला. दुसरीकडं कुठं जाता येतं ते बघ त्याच्यात.”

सृष्टीने नाशिकमध्येच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. वीज गेली की आम्ही माझ्या बॅटरीवर अभ्यास करायचो. एकदा माझ्यावर चहा सांडला, दोनदा मी पडलो. माझ्याच कळा बडवून ती प्रोग्रॅम लिहायला शिकली, नोकरीला लागली. आता तिच्याकडे माझ्याहून चपळ लॅपटॉप आहे. मी कपाटावर असतो. कधी वाईट वाटते, नाही असे नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापराव्यात, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगतो, जपायच्या म्हणून बांधून ठेवू नका. त्या दिवशी ती कात्री चालली नसती, तर मी नवाच राहिलो असतो. पण सृष्टीचा झालो नसतो.