आईला मासा दाखवायचा होता

लेकीने आईच्या मास्कची पट्टी पुन्हा ओढून पाहिली. काचेच्या कडेत अडकलेली पांढरी बट मागे सारली, कारण तेवढ्या एका केसावाटेही पाणी आत शिरतं. मग परत पट्टी.

"अगं, डोकं उपटून घेतेस का आता?" आई म्हणाली.

बोटीवरचा गाईड फिसकन हसला. आडदांड अंगाचा आणि संथ पोहणारा, म्हणून त्याला सगळे कासव म्हणत. लेकीला मात्र हसू फुटेना. पाण्याखालचे फोटो काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. व्हेल शार्कच्या जबड्यासमोर बिनधास्त तरंगणारी ही बाई, आणि आज आईला पाण्यात उतरवायचं म्हटल्यावर तिच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

काचबिंदूने आईची नजर कडेकडेने खात आणली होती. आता नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, समोरच्याचं नाक दिसलं तर कान नाही. पुढच्या हंगामापर्यंत एवढंही राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "तू जातेस ना, तिथं मला एकदा ने." आणि या वयात तलावावर जाऊन, नाकातोंडात पाणी जाऊन ठसके खात, ती नळीने श्वास घ्यायला शिकली. डोळे जायच्या आत आईला तो व्हेल शार्क मासा दाखवायचाच, असं लेकीने मनाशी पक्कं केलं.

"आज कॅमेरा राहू दे," ती आता म्हणाली. "मी तुझा हात धरते."

"कॅमेरा नसेल तर मी उतरायची नाही. हात धरायला हा कासव आहे की."

"फोटो काय, केव्हाही काढता येतील गं."

"केव्हाही?" आई म्हणाली. लेकीने कॅमेऱ्याची पेटी उघडली.

मासा काही येईना. ऊन चढलं, वारा सुटला. "आणखी वाढला तर परतायचं हां," सुकाणूवरून कप्तान म्हणाला. लेकीचा जीव टांगणीला लागला. ती पाण्याकडे बघे, मग आईच्या ओठांकडे, निळे पडलेत का ते. आई आपली निवांत बिस्कीट खात बसली होती.

"डावीकडे! उतरा, उतरा!" कप्तान ओरडला.

कासवाने आईला तरंगत्या रिंगेसकट अलगद उतरवलं आणि तिचा दंड धरून ठेवला. लेक थोडं पुढे जाऊन वळली. हिरवट पाण्यातून आधी तो रुंद जबडा आला, मग ठिपक्याठिपक्यांची पाठ, ती संपता संपेना. मासा आईच्या बरोबर खालून चालला होता. लेकीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि क्षणभर सगळं विसरली. दवाखाना, वारा, आईसुद्धा.

मग तिला आईची आठवण झाली. खाली बघ! तिने बोटाने खुणा केल्या. खाली! आई तशीच. लेकीचा नुसता चडफडाट. तेवढ्यात मासा वळला आणि ती भलीमोठी शेपूट आईच्या दिशेने आली. एक फटका बसला तर बरगड्यांचा चुरा. लेकीने कॅमेरा मनगटाच्या दोरीवर सोडला आणि जीव खाऊन पाय मारले. पण कासव या वेळी कासवासारखा वागला नाही. त्याने आईला झटकन मागे ओढलं. शेपूट हातभर अंतरावरून गेली.

बोटीवर आईला टॉवेलात गुंडाळल्यावरच लेकीच्या जिवात जीव आला.

"दिसला?"

"सगळं दिसलं," आई म्हणाली.

लेक सावलीत बसून फोटो बघू लागली. खाली अवाढव्य मासा, वर इवलीशी आई. फोटो झकास होते. पण एकातही आईची मान खाली नव्हती. प्रत्येक फोटोत मास्क सरळ कॅमेऱ्याकडे.

"आई! मासा तुझ्या पोटाखालून गेला, आणि तू माझ्याकडे बघत बसलीस?" तिचा आवाज चिरकला. "आता परत कधी दिसणार तुला?"

कप्तानाने बोट केव्हाच किनाऱ्याकडे वळवली होती.

"तुझे मासे मी रोज बघते गं," आई म्हणाली. "घरभर टांगलेत. ठिपके पाठ झालेत मला. पण त्यातल्या एका तरी फोटोत तू आहेस का? तू पाण्यात गेलीस की मी दाराकडे कान लावून बसायची. तिथं ही पोर कशी असते, कोण सांगणार? आता मला एका वेळी एकच दिसतं. मग मी तुला बघितलं."

"मग? कशी होते मी?" लेकीने विचारलं.

"घाबरलेली. सगळा वेळ. पण ते माझ्यामुळे. मासा आला ना, तेव्हा मात्र तू मला साफ विसरलीस. तेव्हा इतकी छान दिसत होतीस. आता नाही बसायची मी दाराकडे कान लावून."

लेकीने डोळे पुसले. मग ती उठली आणि आईच्या अगदी समोर, तिला दिसेल अशी येऊन बसली.