जावयाच्या गॅरेजातलं ऑईल

गिअरपेटीतलं ऑईल कुठे बदलायचं ही काही घरदार बसून ठरवायची गोष्ट नव्हे. पण पुणतांब्याच्या राधाकृष्णाच्या घरी आषाढ सरत आला तरी दुसरं बोलणं नव्हतं.

ट्रक लष्करातला, लढाई संपल्यावर नगरच्या लिलावात घेतलेला. कांदा, बाजरी, जे मिळेल ते भरून राधाकृष्ण स्वतःच नगरला न्यायचा. हल्ली दुसरा गिअर टाकला की गाडी कण्हायला लागायची. आतलं ऑईल जळलंय, ते काढून नवं भरलं नाही तर पेटी आपलेच दाते खाऊन बसेल, एवढं त्याला कळत होतं. नगरच्या स्टेशनाजवळ नृसिंहरावांचा कारखाना होता. नृसिंहराव बोलायला तुसडा माणूस, पण त्याच्या हातावर राधाकृष्णाचा पक्का विश्वास. नगरला जायचं, बदलून यायचं, मिटलं. मिटत नव्हतं, कारण नगरची वाट बेलापुरावरून जायची आणि बेलापुरात ऐन रस्त्याला जावयाचं पत्र्याचं गॅरेज उभं होतं.

जावई बन्सी लढाईत लष्कराच्या मोटारींच्याच खात्यात होता. तिथे त्याने काय केलं असं कुणी विचारलं, तर राधाकृष्ण म्हणायचा, "काचा पुसल्या." गावी आल्यावर बन्सीने एका बागाइतदाराचं विहिरीवरचं इंजिन खोललं, परत जोडलं, आणि मूठभर सामान बाहेरच राहिलं. हा किस्सा राधाकृष्णाने चारचौघांत इतका रंगवून सांगितला की तो फिरतफिरत बेलापूरला जाऊन पोचला. त्यात सासऱ्याची गाडी एकदाही जावयाच्या दारात थांबली नाही. विहीणबाई साळूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "आमच्या इवायाची गाडी दारात धुरळा तेवढा टाकून जाती." या सगळ्याची शिक्षा झाली ती राहीबाईला, राधाकृष्णाच्या एकुलत्या एक लेकीला. दोन पंचम्या झाल्या, सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं नव्हतं. पोरीने काही केलं नव्हतं, पण असल्या भांडणात मार नेहमी पोरीच्याच वाट्याला येतो.

"द्या की जावयाला गाडी," छबूबाई, त्याची बायको, जेवण वाढताना म्हणाली. "एवढा मान दिला तर या पंचमीला धाडतील तिला."

"मान द्यायला गाडीच घावली व्हय? गेरबाक्स फुटला म्हंजी?"

"फुटू द्या. लोखंड हाय ते. माझी लेक न्हाई."

मग राधाकृष्णाने युक्ती शोधली. आधी बेलापूरला गाडी लावायची, जावयाच्या हातून काय भरायचं ते भरून घ्यायचं. मग तसंच पुढे नगरला जाऊन ते सगळं काढून नृसिंहरावांकडून नीट भरून आणायचं. जावयाचा मानही राहील आणि गाडीही राहील. ही युक्ती त्याने छबूबाईलाही सांगितली नाही. स्वतःच्या हुशारीवर मात्र तो भलताच खूश होता. पाच दिवसांनी ऑईल बदलायला गाडी घेऊन येतो, असा निरोप त्याने बेलापूरला धाडला.

बेलापुरात गाडी थांबली तसा बन्सी हात पुसत धावतच बाहेर आला. साळूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. राहीबाईने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि बापाकडे बघून हसली. तिला असं हसताना राधाकृष्णाने लग्नानंतर पाहिलं नव्हतं, पण त्याचं निम्मं लक्ष नगरच्या रस्त्यावर होतं.

"मामा, जरा हिकडं या," बन्सीने गाडीखालून हाक मारली. "डब्याचं शील तुमच्यासमोर फोडतो. मंग भरतो."

"तुमी फोडा की जावईबापू. मी काय बघायचं त्यात? तुमच्यावर भरवसा हाय."

 मग बन्सीने एकट्यानेच सील फोडलं. मागच्या घरात राधाकृष्ण पुरणपोळी खात होता आणि साळूबाई आग्रह करकरून वाढत होत्या. निघताना त्या आपणहून म्हणाल्या, "पंचमीला धाडतो बरं का राहीला. सणाला तुमीच येऊन घिऊन जा." याच एका वाक्यासाठी छबूबाईने दोन वर्षं देव पाण्यात ठेवले होते. तिथेच गाडी वळवून माणूस घरी गेला असता तर काय बिघडलं असतं? पण स्वतःची हुशारी वाया घालवणं राधाकृष्णाच्या जिवावर आलं, आणि तो नगरला निघाला.

नृसिंहरावांच्या कारखान्यात दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर मंडळी विड्या ओढत बसली होती. अशी माणसं दिसली की राधाकृष्णाच्या जिभेला हाड राहत नसे.

"गेरबाक्सातलं सगळं काढून टाका," तो नृसिंहरावांना म्हणाला. "जावयाकडनं भरून आलोय. आत करडीचं त्याल हाय का एरंडीचं, देवाला ठाऊक." मग त्याने इंजिनाचा किस्सा सांगितला, मूठभर उरलेल्या सामानासकट. मंडळी पोट धरून हसली.

नृसिंहरावांनी खाली घमेलं सरकवून गिअरपेटीचा तळचा नट काढला. ऑईल पडायला लागलं ते स्वच्छ, मधाच्या रंगाचं. त्यांनी बोट लावलं, चोळलं, वास घेतला.

"पाटील, हे माझ्याच इथलं आहे," ते म्हणाले. "लष्करी माल. सीलबंद असा एकच डबा माझ्याकडे राहिला होता. तुमचे जावई चार खेटे घालून घेऊन गेले. सासऱ्यांची गाडी आहे, म्हणाले. जुनं कसं काढायचं, नवं कुठवर भरायचं, सगळं विचारून गेले. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

कुणीच हसेना. घमेल्यात तळाशी गंज आणि वाळू होती, आणि ते ऑईल आता त्यात कालवलं गेलं होतं.

"परत भरता यील का?" राधाकृष्णाने विचारलं.

"या घाणीत पडलेलं? आता माझ्याकडे साधं आहे, तेच घालावं लागेल."

शेजारच्या लॉरीखालून गोरक्षनाथ बाहेर आला. तो बेलापूरचाच, बन्सीच्या आळीतला. तो खाली आहे हे राधाकृष्णाला दिसलंच नव्हतं. "तो डबा माझ्याच लॉरीतनं नेला त्यानं," गोरक्षनाथ म्हणाला. "सांडंल म्हून मांडीवर घिऊन बसला हुता."

"गोरखा, गावात बोलू नगं बाबा. माझ्या लेकीचा सवाल हाय."

"मी कशाला बोलतोय?" गोरक्षनाथ म्हणाला आणि लॉरी काढून गेला. असं म्हणणारा माणूस बोलायचा राहत नाही. आणि का राहावं त्याने? राधाकृष्ण तरी कधी राहिला होता?

परतताना राधाकृष्ण वाटभर एकच घोकत होता. उतरायचं, जावयाचे पाय धरायचे. वयाने मोठा असलो म्हणून काय झालं? पण बेलापूर आलं तेव्हा बन्सी आधीच रस्त्यात उभा होता. शेजारी राहीबाई होती, पायाशी तिची लग्नातली ट्रंक. साळूबाई दारात पाठ फिरवून बसल्या होत्या.

"जावईबापू, माझं चुकलं," राधाकृष्ण खाली उतरत म्हणाला.

"चुकलं न्हाई, मामा." बन्सीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी इंजनाचं सांगायचा ते मी गिळलं, कारन ते खरं हुतं. येत नव्हतं मला. म्हून तर ह्या बारीला शिकून आलो. शील फोडताना तुमाला बलवलं. तुमी म्हनला, भरवसा हाय." त्याने ट्रंक उचलून हौद्यात ठेवली. "मी घातलेलं तुमाला ठिवायचं न्हाई. मंग तुमचं मी कशाला ठिवू?"

राहीबाई बापाशेजारी येऊन बसली. गाव मागे पडल्यावर राधाकृष्ण म्हणाला, "मला काय ठावं, पोरी, की त्यो एवढं चांगलं आईल आनंल."

"मला इचारायचं, आण्णा."

"तू नवऱ्याचीच बाजू घेतली असतीस."

"व्हय," राही म्हणाली. "घेतली असती."  राधाकृष्णाला रडू येत होतं, पण ते दाखवायचा हक्कही आपण घालवला असं त्याला वाटत होतं.

गाडीचा आवाज ऐकून छबूबाई पिठाच्या हातांनीच दारात आली. लेक खाली उतरताना दिसली आणि तिने तसल्याच हातांनी तिचं तोंड कुरवाळलं, कडकडा बोटं मोडली.

"बघा, मी म्हनत नव्हते?" ती नवऱ्याकडे वळली. "जरा मान दिला तर पंचमीच्या आधीच धाडली का न्हाई माझी बाय? चांगला हाय हो जावई. तुमीच उगं नावं ठिवीत हुता त्याला." मग तिचं लक्ष हौद्यातल्या ट्रंकेकडे गेलं आणि ती कौतुकाने हसली. "आगं, चार दिसांसाठी एवढी लुगडी आणली व्हय?"

राहीबाई घरात निघून गेली. छबूबाई उत्तरासाठी राधाकृष्णाकडे बघत राहिली, आणि तो ट्रंक उतरवायला हौद्यात चढला.